घाट उतरायची रीत

“मग माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा.”

उद्धवनं हे परत विचारलं. या खेपेला आवाज इतका चढला होता की मठाच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं उडून गेली.

केशवगिरी महाराज ओसरीवर बसून सुपातली तूर निवडत होते. त्यांनी एक खडा उचलला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि बाजूला टाकला.

“पाणी पी आधी,” ते म्हणाले.

“पाणी नको मला.”

“मग तिथं उभा तरी राहू नको. उजेड अडवतोस. मला खडे दिसेनात.”

उद्धव बाजूला सरकला. बसला मात्र नाही.

रागावलेल्या माणसाला बसवत नाही. त्याला वाटतं, बसलो की अर्धा राग जमिनीत जाईल, आणि मग उरलेला अर्धा घेऊन कुठं जायचं.

उद्धव घाटाखालच्या सावरगव्हाणचा. गावात त्याची पिठाची गिरणी होती. पोरवयापासून तो या मठात यायचा, महाराजांना गुरू मानायचा. हाताचा मोठा कसबी माणूस. गिरणीच्या जात्याचा दगड गुळगुळीत झाला की टाकी तो स्वतः लावायचा, तुटलेला पट्टा स्वतः शिवायचा, आणि बापानं मागं ठेवलेली जुनी पांढरी गाडी, तीही स्वतःच दुरुस्त करायचा. त्या गाडीच्या बॉनेटखाली दुसऱ्या कुणाचा हात गेलेला त्याला खपत नसे.

त्याला कारण होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यानं ती तालुक्याच्या एका गॅरेजात टाकली होती. तिथल्या माणसानं चांगला कार्बोरेटर काढून घेतला आणि कुठला तरी झिजलेला बसवून दिला. उद्धवनं त्या दिवशी जे ठरवलं, ते ठरवलं.

आता झालं होतं असं.

उद्धवची एकुलती एक मुलगी गोदा. तिचं परवा लग्न. लग्न मुलाकडं, घाटापलीकडच्या गावी. बाकीचं वऱ्हाड बसनं जाणार होतं. पण नवरीला आपल्या गाडीतून न्यायचं आणि गाडी आपण चालवायची, हे उद्धवनं ती पाळण्यात होती तेव्हापासून मनात धरलेलं.

आणि आज सकाळी हळदीचं सामान मांडता मांडता गोदा साध्या आवाजात म्हणाली, “अण्णा, मी या गाडीत बसणार नाही. निजामचाचांनी एकदा घाटात चालवून बघितली, तर बसेन.”

गेल्या महिन्यात ओढ्याच्या उतारावर या गाडीचे ब्रेक लागले नव्हते. गोदा शेजारी होती. गाडी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घुसून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. त्यानंतर उद्धवनं चारी चाकं खोलून ब्रेक नव्यानं केले. एकट्यानं.

पण निजाम मिस्त्री, ज्याचं गॅरेज घाटाच्या पायथ्याला आहे, तो चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणाला, “उद्धवशेठ, दुसऱ्या कुणी चालवून बघितल्याशिवाय ही गाडी घाटात घालू नका.”

ते ऐकून उद्धवच्या अंगाची आग झाली होती. आणि आज तेच बोल पोटच्या पोरीच्या तोंडून.

तो तसाच उठला. बायको मागून “अहो, पाहुणे यायचे आहेत” म्हणत राहिली. त्यानं गाडी काढली आणि घाट चढून मठात आला.

“तुम्हीच शिकवलंत ना,” तो आता म्हणाला. “आपलं काम आपल्या हातानं करावं. कळायला लागल्यापासून ऐकतोय मी हे.”

“हो. म्हणत होतो खरा.”

“मग?”

“तेव्हा मी तुला अंगण झाडायला सांगत होतो.”

ओसरीच्या टोकाला सोनूबाई भाकरी थापत होती. मठाचा सगळा स्वयंपाक तिच्याकडं. ती खुदकन हसली. उद्धवनं तिच्याकडं असं बघितलं की तिनं मान खाली घालून भाकरी दोनदा जास्तच थापली.

“चेष्टा नको, महाराज. माझ्या पोरीचा माझ्यावर विश्वास नाही. त्या तेलकट माणसावर आहे.”

“तिला तसं म्हणालास?”

“म्हणालो.”

“मग ती काय म्हणाली?”

उद्धवनं तोंड दुसरीकडं वळवलं.

“सांग की.”

“म्हणाली, ब्रेकमधली हवा काढताना तुम्ही मला बोलावलं नाहीत.”

महाराजांनी सूप खाली ठेवलं. “हे काही मला कळलं नाही.”

उद्धवनं चिडून चिडूनच समजावलं. ब्रेकच्या नळीत तेल असतं. त्यात हवा राहिली की पेडल पोकळ लागतं, गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाशी बसून स्क्रू ढिला करतो. चाकाशी बसलेला ओरडत राहतो, दाब, धर, सोड. पुन्हा दाब, धर, सोड. गोदाचा पाय पेडलला पुरायला लागला तेव्हापासून आत बसायचं काम तिचं.

“आणि या खेपेला?”

“वाळूत गाडी गेल्यापासून ती माझ्याशी धड बोलत नव्हती. मी कशाला हाक मारू. मी फळी लावली.”

“कसली फळी?”

“लाकडाची. सीट आणि पेडल यांच्यामध्ये ठोकून बसवायची. पेडल दाबलेलं राहतं. मग खाली जाऊन हवा सोडायची, वर येऊन फळी काढायची, परत ठोकायची. वेळ लागतो. पण कुणाचं तोंड बघावं लागत नाही.”

महाराजांनी सूप परत मांडीवर घेतलं.

तव्यावरची भाकरी फुगली. सोनूबाईनं ती उलटली.

“गाडी घाट चढून आली,” उद्धव म्हणाला. “ही बघा, दाराशी उभी आहे. ब्रेक वाईट असते तर आलो असतो का?”

“चढताना ब्रेक लागतो?”

उद्धवनं दाराशी उभ्या गाडीकडं बघितलं.

“मला गाडीतलं काही कळत नाही,” महाराज म्हणाले. “म्हणून विचारतो.”

“तुम्हालाही निजामनंच शिकवून ठेवलंय वाटतं.”

“तो इकडं कशाला येतोय.”

उद्धवचे कान तापले होते. हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. या माणसाच्या पायाशी तो इतकी वर्षं बसला होता, आणि आज त्यानं एका शब्दानं आपली बाजू घेऊ नये? एक शब्द. ‘उद्धवचं काम चोख असतं’ एवढंच. तो शब्द घरी नेऊन पोरीच्या तोंडावर मारता आला असता.

“चला मग,” तो म्हणाला. “बसा माझ्या गाडीत. घाट उतरून दाखवतो तुम्हाला. तुम्ही बसलात हे कळलं की ती झक मारत बसेल.”

हे त्यानं रागाच्या भरात म्हटलं होतं. म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून लगेच उठेल, असं काही त्याला वाटलं नव्हतं.

“चल,” महाराज म्हणाले.

“आत्ता?”

“तुझ्या घरी परवा लग्न आहे ना. मग नंतर कधी?”

ते पायात खडावा घालून अंगणातून चालत गेले. मागचं दार उघडलं, धोतर सावरलं आणि आत बसले. सीटवरून हात फिरवला. “बापानं हेच कापड घातलं होतं का रे?”

“मी बदललं. मागच्या साली.”

“छान शिवलंयस.”

उद्धवला बरं वाटलं. आज पहिल्यांदा काहीतरी बरं वाटलं. तो पुढं येऊन बसला, किल्ली लावली.

“सोनूबाई,” महाराजांनी खिडकीतून हाक मारली. “जरा ये बरं इकडं.”

ती पिठाचे हात पदराला पुसत आली. महाराजांनी गळ्यातली रुद्राक्षाची माळ काढली आणि तिच्या हातात दिली.

“ही देवापाशी ठेव.”

उद्धव मागं वळला.

“हे काय, महाराज?”

“माळ.”

“ते दिसतंय. काढली कशाला?”

“घाट उतरायचाय ना.”

“म्हणजे तुमचाही विश्वास नाही माझ्यावर.”

“आहे की. बसलोय ना मी.”

“मग माळ का काढली?”

“विश्वास माझा आहे,” महाराज म्हणाले. “माळ गादीची आहे. माझ्या गुरूंच्या गळ्यात होती, त्याआधी त्यांच्या गुरूंच्या. मी ती नुसती सांभाळतो. माझ्या विश्वासावर ती कशी नेऊ?”

सोनूबाई माळ घेऊन आत गेली.

“चल,” ते म्हणाले. “उशीर करू नको.”

उद्धवनं इंजिन चालू केलं. जुनं होतं, पण आवाज स्वच्छ. त्याच्या हातचंच होतं ते. समोर मठाचं फाटक, फाटकापुढं डांबरी रस्ता, आणि रस्ता डावीकडं वळून एकदम खाली जात होता. पहिल्या वळणापर्यंतच दिसत होता. पुढं नुसती दरीतली झाडं, वरून दिसणारी.

त्यानं ब्रेकवर पाय ठेवला. पेडल कडक होतं. बरोबर जिथं लागायला हवं तिथं लागत होतं.

त्याला गोदा आठवली. आत्ताच का आठवली, ते त्याला कळलं नाही. वाळूच्या ढिगाकडं गाडी जात असताना तिनं किंकाळी मारली नव्हती. नुसता त्याचा दंड धरला होता. त्या दंडावर दोन दिवस वळ होता.

त्यानं इंजिन बंद केलं.

“उतरा,” तो म्हणाला.

“का रे?”

“उतरा म्हणतो ना.”

“तुझा तुझ्या कामावर विश्वास आहे ना?”

“आहे.”

“माझाही आहे. मग अडलं कुठं?”

उद्धव दार ढकलून बाहेर आला. ते त्यानं एवढ्या जोरात लावलं की काच खाली घसरली. “तुम्ही मला खेळवताय. उतरा. मी मोकळी गाडी घेऊन जातो. खाली दरीत गेलो तर गेलो.”

“मी बसलोय,” महाराज म्हणाले. “बसलो म्हणजे बसलो. आता घाट उतरल्याशिवाय मी काही उतरत नाही.”

आणि त्यांनी डोळे मिटले.

ऊन वर आलं. उद्धव गाडीभोवती फिरत होता. मागच्या टायरला त्यानं लाथ मारली, मग टायरजवळ वाकून काही झालं नाही ना ते पाहिलं. म्हाताऱ्याला हाताला धरून बाहेर काढणं शक्य नव्हतं. त्याला गाडीत सोडून पायी घरी जाणंही शक्य नव्हतं. आणि त्याला घेऊन तो उतार उतरणं...

सोनूबाई भाकरी आणि आमटी घेऊन गाडीशीच आली. महाराज मागच्या सीटवर मांडी घालून जेवले.

“उद्धवला वाढू का?” तिनं विचारलं.

“नको. त्याचं पोट भरलेलं दिसतंय.”

उद्धवनं ते ऐकलं. त्याला वाटलं, या मठाचा नि आपला संबंध आज संपला. परत इथं पाऊल टाकायचं नाही. असं त्यानं मनाशी म्हटलं आणि खिशातून फोन काढला.

निजामला फोन करायला त्याला तोंड नव्हतं. त्यानं गोदाला केला.

“हं,” ती म्हणाली.

“निजामला वर पाठव. मठात.”

पलीकडं भांड्यांचा, बायकांचा आवाज.

“अण्णा, काय झालं?”

“काही झालं नाही. महाराज गाडीत बसलेत. उतरत नाहीत.”

“का?”

“मला काय माहीत का,” उद्धव म्हणाला आणि फोन बंद केला.

निजामची मोटरसायकल घाट चढताना लांबून ऐकू आली. फाटकातून आत आली तेव्हा मागच्या सीटवर गोदा होती. कोपरापर्यंत मेंदी, डोक्यावरून ओढणी घट्ट बांधलेली.

“तू कशाला आलीस?” उद्धव तिच्यावर धावून गेल्यासारखा गेला. “लग्नाची मुलगी उंबरा ओलांडत नाही, एवढं कळत नाही?”

“आत्या तेच ओरडत होत्या. मी ओलांडला,” गोदा म्हणाली आणि त्याच्याकडं न बघता गाडीजवळ जाऊन खिडकीतून महाराजांच्या पायाला हात लावला.

निजाम उतरला. त्याचंही तोंड आंबट होतं. “सलाम, महाराज. एका गिऱ्हाइकाची गाडी अर्धी खोलून आलोय मी. तो तिकडं शिव्या देतोय.”

“मी तुला बोलावलं नाही,” उद्धव म्हणाला. “महाराजांचा हट्ट म्हणून.”

“मी तर कुणाचं नावही घेतलं नाही,” महाराज गाडीतून म्हणाले.

निजामनं पिशवीतून नट खोलायचे पाने काढले. गाडीला जॅक लावला, एक चाक काढलं, आत वाकून बघितलं. मग दुसरं. उद्धव त्याच्या डोक्यावर उभा.

“तो नट जोरात ओढू नको. आटे जुने आहेत.”

“दिसतंय मला.”

“तिथं हात घालू नको.”

“मग डोळे घालू का?”

निजाम गाडीखाली शिरला. नळ्या चाचपल्या. बाहेर येऊन पुढं बसला, पेडल दाबलं, धरलं, मनात काहीतरी मोजत बसला. सोडलं. परत दाबलं. वेळ लावला त्यानं. उद्धवला त्याच्या कपाळावरची शीर न् शीर दिसत होती. हा आता काय काढतो. काहीतरी काढणारच. न काढेल तर मिस्त्री कसला.

निजाम उतरला. फडक्याला हात पुसले.

“काम चांगलं आहे,” तो म्हणाला.

“काय?”

“काम चांगलं आहे म्हटलं. मी केलं असतं तर असंच केलं असतं.”

आता तुम्हाला वाटेल, उद्धवला आनंद झाला असेल. त्यालाही तसंच वाटलं होतं. महिनाभर तो या एका वाक्याची वाट बघत होता. पण ते कानावर पडलं आणि आतून भलताच संताप उसळून आला. चूक निघाली असती तर मान खाली घालून गप्प बसता आलं असतं. आता महिनाभराच्या रागाचं गाठोडं ठेवायला जागाच उरली नाही.

“मग चारचौघांत माझी अब्रू का काढलीस?” त्यानं निजामच्या सदऱ्याला हात घातला. “महिनाभर लोक मला बघून हसतायत. पोरगी माझ्या गाडीत बसेना. आणि आता म्हणतोस काम चांगलं आहे?”

निजामनं तो हात हळूच सोडवला नाही. झटकला.

“मी काम वाईट म्हटलं होतं? आठवा, उद्धवशेठ. मी म्हटलं, दुसऱ्या कुणी चालवून बघितल्याशिवाय घाटात घालू नका. एवढंच. घाटाखालच्या सगळ्या गॅरेजांत हीच रीत आहे. ज्यानं ब्रेक केले, त्यानं ती गाडी पहिल्यांदा घाटात चालवायची नाही. दुसऱ्यानं चालवायची, आणि काम करणाऱ्यानं शेजारी बसायचं. माझे उस्ताद एवढे मोठे मिस्त्री, तेही शेजारी बसायचे.”

“का?”

“आपण केलेल्या कामाला आपला पाय सांभाळून घेतो. कुठं जरा आधी दाबायचं, कुठं हलकं दाबायचं, त्याला ठाऊक असतं. दुसऱ्याच्या पायाला काही ठाऊक नसतं. तो दाबायचं तिथं दाबतो. मी ब्रेक केलेली गाडी समोरचा पंक्चरवाला शंकर चालवतो. त्याला त्याचं काही वाटत नाही, मलाही वाटत नाही.”

“मग असं नीट सांगायचं होतंस.”

“तुम्ही ऐकायला थांबलात कुठं. अर्धा चहा टाकून गेलात. बशी पण फोडलीत.”

“अण्णा,” गोदा म्हणाली, “मी सकाळी हेच सांगत होते.”

“तू गप्प बस.”

“नाही बसत.” तिचा आवाज चढला नव्हता, पण ओढणीची गाठ सोडायला गेलेली बोटं नुसतीच गाठीवर आपटत होती. “लहानपणापासून मी पाय देत आले. दाब म्हटलं दाबला, धर म्हटलं धरला. पोटऱ्या भरून यायच्या, तरी सोड म्हटल्याशिवाय सोडला नाही. आणि या खेपेला तुम्ही माझ्या जागी फळी ठोकलीत. आता त्या फळीलाच घेऊन जा परवा. साडी नेसवा आणि बसवा शेजारी.”

उद्धवजवळ बोलण्यासारखं पुष्कळ होतं. बापाशी कसं बोलावं, मोठ्या माणसांसमोर कसं बोलावं. त्यातलं काही तोंडातून आलं नाही. जे आलं, ते त्यानं महिनाभर स्वतःलाही सांगितलेलं नव्हतं.

“आणि पुढच्या खेपेला?” तो ओरडला. “पुढच्या खेपेला तू असणार आहेस का इथं, पाय द्यायला?”

निजामनं मान फिरवली आणि उगाचच पाने पिशवीत नीट लावायला लागला. सोनूबाई चुलीकडं गेली. चुलीत काही नव्हतं तरी फुंकत बसली.

गोदाचे डोळे भरले. रागही गेला नव्हता. ती गाडीचं मागचं दार उघडून महाराजांशेजारी जाऊन बसली आणि दार लावून घेतलं.

निजामनं चाकं चढवली. नट आवळले. मग उद्धवसमोर येऊन हात पुढं केला.

“किल्ली.”

उद्धवच्या मुठीत किल्ली होती. तिचे दात तळव्यात रुतले होते. तालुक्याच्या त्या गॅरेजानंतर बापाच्या गाडीची किल्ली त्यानं दुसऱ्याच्या हातात दिली नव्हती. त्यानं आत्ताही दिली नाही. बॉनेटवर टाकली.

“घे,” तो म्हणाला. “आणि ठोकलीस तर बघ.”

तो डावीकडून जाऊन बसला. बाप चालवायचा तेव्हा तो मागं बसायचा. बाप गेल्यापासून स्टेअरिंगमागं. या बाजूच्या सीटवर तो आयुष्यात कधी बसला नव्हता. समोर धरायला काही नाही, पायाशी काही नाही. आपल्याच गाडीत पाहुण्यासारखा.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि डावीकडं वळून खाली लागली.

“हळू,” उद्धव म्हणाला.

“हळूच आहे.”

“इथं आधी दाबायचा. पुढं खड्डा आहे.”

“मला माहीत नाही असं समजा. मी वळणावर दाबणार.”

निजामनं वळणावर दाबला. गाडी जिथं थांबायला हवी तिथं थांबली. झुकली नाही, ओढली नाही, कुरकुरली नाही. मग परत सुटली.

“असा एकदम नाही दाबायचा.”

“बघतोय मी, उद्धवशेठ.”

“माझे ब्रेकचे लायनर जाळशील.”

“तुमचे आहेत म्हणूनच बघतोय.”

पुढचं वळण आलं. त्याच्या पुढचं. खालून उसानं लादलेला ट्रक वर येत होता, त्याला जागा देताना निजामनं गाडी अगदी कठड्याला घेतली. उद्धवच्या बाजूला दरी होती. तिच्याकडं त्यानं बघितलंही नाही. तो निजामच्या पायाकडं बघत होता. तो पाय आत्ता उठेल, आत्ता पडेल, उशीर करतोय, उशीर करतोय...

आणि प्रत्येक वळणावर, निजामच्या पायाआधी, उद्धवचा उजवा पाय खालच्या रबरी चटईवर पडत होता. टाच वर, चवडा खाली, सगळं अंगाचं वजन त्यावर. चटई पुढं सरकून गोळा झाली होती. तिच्याखालचा पत्रा वाजत होता. पोटरीत गोळा आला तरी पाय निघत नव्हता. निजामनं ब्रेक दाबला की तो दाबायचा, निजामनं सोडला तरी हा दाबूनच.

गोदाला मागून ते दिसलं. तिनं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. हसत होती की रडत होती, सांगता येत नव्हतं. तिला ते दाखवायचं होतं कुणाला तरी, म्हणून तिनं महाराजांकडं बघितलं. महाराजांचे डोळे उघडे होते. त्यांनाही दिसत होतं.

शेवटचं मोठं वळण आलं. घाटातलं सगळ्यात उतरतं. उद्धवचा पाय चटईवर पडला आणि त्याच्या तोंडातून नकळत, दात आवळूनच, शब्द निघाला, “दाब...”

गाडी सावकाश, गुमान वळली.

म्हातारा पुढं वाकला. उद्धवच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला. खांदा दगडासारखा झाला होता. तो जरा सैल पडेपर्यंत महाराज थांबले.

“उद्धवा,” ते म्हणाले, “पाय उचल. ब्रेक तिकडं आहे.”